आईंच्या रक्तात ओमेगा-3 कमी निघाले. आमवाताचे मूळ तेच का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सिन्नरचे. आई 57 वर्षांच्या, माळकरी, चार वर्षांपासून आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवात आवरणारे मूळ औषध, चालू होते आणि सांधे बऱ्यापैकी ताब्यात होते. गणपतीच्या दिवसांत डेंग्यू झाला, नाशिकला भरती करावे लागले, तेव्हा मेथोट्रेक्सेट थांबवले. ताप उतरला, घरी आल्या आणि काही दिवसांत बोटे आणि मनगटे पुन्हा सुजली. ताप जाऊन तीन आठवडे झाले असताना ओळखीतल्या एका आहार सल्लागाराच्या सांगण्यावरून ‘फॅटी ॲसिड प्रोफाइल’ ही तपासणी केली. त्यात ओमेगा-3 इंडेक्स 3.2 टक्के, एए-ईपीए गुणोत्तर 34 (या दोन्हींचा अर्थ पुढे सांगतो), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 272, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 30, मोकळी फॅटी ॲसिड ‘वाढलेली’. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, 41. सल्ला असा मिळाला की शेंगदाणा तेलामुळे रक्तातली चरबी बिघडली, त्यातून आमवात झाला. तेल बंद करा, सहा महिने कॅप्सूल घ्या, मेथोट्रेक्सेट आपोआप सुटेल. हे खरे का, असे तुम्ही विचारता.

मी नाशकात बरीच वर्षे संधिवाताचे रुग्ण पाहतो आणि हल्ली असे रिपोर्ट घेऊन येणारी माणसे वाढली आहेत. त्यामुळे सविस्तर लिहितो. पण त्याआधी, तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याकडे वळतो, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे: डेंग्यूत थांबवलेले मेथोट्रेक्सेट अजून सुरू झालेले नाही.

ते थांबवले हे बरोबरच होते. अंगात जोराचा संसर्ग असताना हे औषध काही दिवस बंद ठेवण्याची पद्धत आहे, आणि डेंग्यूत प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी आधीच खाली आलेल्या असतात. अडचण पुढे होते. ज्यांनी ताप सांभाळला ते वेगळे डॉक्टर, आमवाताचे डॉक्टर वेगळे, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘केव्हा पुन्हा सुरू करायचे’ ही ओळ बहुधा नसते. घरच्यांना वाटते, बंद सांगितले म्हणजे बंद. पाच-सहा आठवडे औषध नसेल तर आमवात डोके वर काढणारच. त्यासाठी शेंगदाणा तेलाला दोष द्यायची गरज नाही. या आठवड्यात सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) या तपासण्या करून आपल्या संधिवाततज्ज्ञांना दाखवा आणि ‘कधीपासून, किती’ हे त्यांच्याकडून लिहून घ्या. गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नव्हे, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. सुरू केल्यावर पूर्ण गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा लागेल. आणखी एक: आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंग्यू आणि चिकनगुनिया एकाच वेळी फिरत असतात, आणि चिकनगुनियानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने आमवातासारखी वागते. त्या तापात चिकनगुनियाची तपासणी झाली होती का, तेही डॉक्टरांना सांगा.

आता रिपोर्टकडे येऊ.

फॅटी ॲसिड, म्हणजे चरबीचे मूळ घटक (ओमेगा-3 हा त्यांतलाच एक गट), रक्तात एकाच रूपात नसतात. थोडी मोकळी, अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून फिरतात. बरीचशी ट्रायग्लिसराइडमध्ये, कोलेस्टेरॉलला जोडलेली किंवा फॉस्फोलिपिडमध्ये असतात. आणि काही पेशींच्या आवरणातच विणलेली असतात, तांबड्या पेशींच्यासुद्धा. हे का महत्त्वाचे, तर प्रत्येक रूपाचा वेग वेगळा आहे. मोकळी फॅटी ॲसिड तासातासाला बदलतात. ट्रायग्लिसराइड जेवणागणिक आणि आजारागणिक बदलते. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तिच्या आवरणातले प्रमाण गेल्या तीन-चार महिन्यांचा अंदाज देते. तुमच्या रिपोर्टवर या तिन्ही वेगांचे आकडे एकाच पानावर, एकाखाली एक छापले आहेत, आणि सल्लागारांनी ते सगळे एकाच अर्थाने वाचले.

मोकळ्या फॅटी ॲसिडचे उत्तर तर तुमच्याच पत्रात आहे. रक्त द्वादशीला सकाळी, एकादशी सोडायच्या आधी दिले, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे आदल्या दिवशी थोडी फळे, मग रात्रभर काही नाही. पोटात अन्न नसले की शरीर साठवलेली चरबी वितळवून मोकळी फॅटी ॲसिड रक्तात सोडते. स्नायू आणि हृदय त्यावर चालतात. कोणाचीही वाढतील. त्यात सांधे दुखत असल्याने रात्रीची झोप नाही, अंगात ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल चढलेले, तेही हेच काम करतात. या ओळीवर मी पाच मिनिटेही घालवली नसती.

ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलचे प्रकरण जास्त समजून घेण्यासारखे आहे. अंगात सूज पेटली, मग ती जंतूंमुळे असो वा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे, की टीएनएफ, इंटरल्युकिन-6 अशी रसायने रक्तात येतात. ती यकृताला ट्रायग्लिसराइड जास्त बनवायला लावतात आणि ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) ते रक्तातून उचलले जाते, त्या लायपोप्रोटीन लायपेजला दाबतात. आवक वाढली, जावक कमी झाली. जोराच्या सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने सारे शरीर ढासळते तेव्हा, रक्ताची नळी थोडा वेळ उभी ठेवली की वरचा पिवळा द्रव कधीकधी दुधाळ दिसतो, तो यामुळे. त्याच वेळी एचडीएल आणि एलडीएल कोलेस्टेरॉल खाली जाते. डेंग्यूतही हे दिसते; जितका आजार गंभीर, तितके कोलेस्टेरॉल कमी, असे अनेक ठिकाणच्या रुग्णांत आढळले आहे. क्षयरोगातही कोलेस्टेरॉल घसरते आणि उपचाराबरोबर सावरते.

हा निव्वळ बिघाडही नाही. चरबी वाहून नेणारे हे कण जंतूंच्या आवरणातले विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, चिकटवून घेतात आणि त्याचा मारा बोथट करतात. शरीराची ती एक बचावाची चाल आहे. म्हणून तापात किंवा सांधे सुजलेले असताना केलेला लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची नेहमीची तपासणी) हा त्या माणसाचा नेहमीचा लिपिड प्रोफाइल नसतो. रामकुंडावर पूर आलेला असताना, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेले असताना बाटलीभर पाणी तपासायला नेले, तर गाळ निघणारच; गोदावरीचे पाणी वर्षभर कसे असते, हे त्यातून कळणार नाही. आईंचा डेंग्यूचा परिणाम तीन आठवड्यांनी ओसरत आला असेल, पण सीआरपी 41 सांगतो की रक्त दिले त्या दिवशी आमवाताची सूज जोरात होती.

आमवाताच्या रुग्णांत याचा एक उलटा धोका आहे आणि तो मला तुमच्या ओमेगा-3 पेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. सूज असताना कोलेस्टेरॉल कमी दिसते, म्हणून घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात आमवातात हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा सुमारे दीडपट असतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तर धोक्याचा जो आकडा निघेल त्याला 1.5 ने गुणा, असे सांगितले आहे. आणि औषध लागू पडून सूज उतरली की कोलेस्टेरॉल वर येते. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे असेच रिपोर्ट घेऊन आले होते. गुडघे मोकळे झाले होते, छाटणीला स्वतः उभे राहत होते, पण ‘तुमच्या गोळीने कोलेस्टेरॉल वाढले’ म्हणून रागावले होते. सूज कमी झाल्यावर त्यांचा खरा आकडा दिसू लागला होता, एवढेच. टोसिलिझुमॅब, टोफासिटिनिब यांसारख्या औषधांत ही वाढ जास्त ठळक दिसते. त्या स्थिर झालेल्या आकड्यावरून रक्तदाब, साखर, तंबाखू हे सगळे धरून निर्णय घ्यायचा असतो.

ल्युपस या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या दुसऱ्या आजारात चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. तिथे आजार चढलेला असताना ट्रायग्लिसराइड वाढते, एचडीएल घटते, आणि काही रुग्णांत तर लायपोप्रोटीन लायपेजच्या विरोधातच प्रतिपिंडे सापडतात. वर स्टेरॉइडची भर असते. मूत्रपिंडांतून प्रथिने जात असतील तर आणखी वेगळे. म्हणून कोणा ओळखीच्या ल्युपसच्या मुलीचा रिपोर्ट आईंच्या रिपोर्टशेजारी ठेवून तुलना करू नका.

आता ज्या दोन आकड्यांनी तुम्हाला घाबरवले ते पाहू. ओमेगा-3 इंडेक्स म्हणजे तांबड्या पेशींच्या आवरणातल्या एकूण फॅटी ॲसिडपैकी ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के. ही कल्पना 2004 मध्ये हृदयविकाराच्या संदर्भात मांडली गेली: 8 टक्के किंवा जास्त चांगले, 4 टक्क्यांखाली कमी. ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 गटातली दोन फॅटी ॲसिड मुख्यतः समुद्रातल्या माशांतून मिळतात. जन्मभर शाकाहारी, त्यात माळकरी बाईंचा इंडेक्स 3.2 आला, यात मला नवल वाटत नाही. तपासणी न करताही मी साधारण तेवढाच अंदाज केला असता. आणि हेही लक्षात घ्या की आईंच्याच पंगतीला बसणाऱ्या, तसेच जेवणाऱ्या शेकडो माळकऱ्यांचा इंडेक्स एवढाच असेल. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या वारीला चालत जाणाऱ्या त्या सगळ्यांना आमवात नाही. म्हणजे हा आकडा आईंच्या ताटाविषयी बरेच सांगतो, आमवात का झाला याविषयी फारच थोडे.

हा आकडा तांबड्या पेशींवरून काढला आहे की प्लाझ्मावरून (पेशी वगळून उरलेल्या द्रवावरून) की पूर्ण रक्ताच्या थेंबावरून, हे रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. ते जरूर बघा. कारण हे सगळे आकडे टक्क्यांत असतात आणि टक्के फसवतात. समजा प्लाझ्मात एकूण फॅटी ॲसिड 300 मिलिग्रॅम आहेत आणि त्यात ईपीए-डीएचए 9 मिलिग्रॅम. म्हणजे 3 टक्के. आता सूज आल्यामुळे ट्रायग्लिसराइड वाढून एकूण 450 झाले, ईपीए-डीएचए तेवढेच 9 राहिले. टक्का 2 वर आला. एक कणही कमी झालेला नाही, तरी रिपोर्टवर लाल बाण. तांबड्या पेशींच्या मोजणीत हे इतके होत नाही, पण तिथेही अट आहे: मधे रक्त चढवलेले असेल तर त्या पेशी दुसऱ्याच कोणाच्या असतात. शिवाय बहुतेक नमुने नाशकातून मुंबईला किंवा आणखी लांब जातात. ही फॅटी ॲसिड हवेने खराब होणारी आहेत; नमुना नीट थंड राहिला नाही तर आधी हीच कमी होतात.

एए-ईपीए गुणोत्तर 34 हा आकडा ऐकायला भयंकर वाटतो. एए म्हणजे ॲराकिडॉनिक ॲसिड. तुमच्या रिपोर्टमध्ये ते 10.2 टक्के आणि ईपीए 0.3 टक्के आहे. म्हणजे एए काही वाढलेले नाही. भाग देणारा आकडा इवलासा आहे. ईपीए 0.3 ऐवजी 0.4 निघाले असते तर हेच गुणोत्तर साडेपंचवीसवर आले असते. एवढासा फरक तर यंत्राच्या मोजणीतही पडू शकतो. ज्या गुणोत्तराचा छेद इतका लहान, त्यावर मी कोणाचे औषध ठरवणार नाही.

ॲराकिडॉनिक ॲसिडला खलनायक ठरवण्यामागे थोडे तथ्य आहे, ते नाकारत नाही. सूज, दुखणे, ताप घडवणारी प्रोस्टाग्लँडिन त्यापासूनच बनतात. ॲस्पिरिन ती बनण्याची वाट अडवते, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवले आणि 1982 चे नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्याबरोबर मिळाले. आईंच्या डिक्लोफिनॅकसारख्या गोळ्या याच वाटेवर काम करतात. स्टेरॉइड त्याच्याही एक पायरी आधी, पेशीच्या आवरणातून ॲराकिडॉनिक ॲसिड सुटतानाच आडवे येते. पण याच ॲसिडपासून पोटाच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनही बनतात, म्हणून तर दुखण्याच्या गोळ्यांनी अल्सर होतो. सूज आवरती घेणारी लायपॉक्सिन नावाची रेणूंची एक जातही त्याचीच. ईपीए आणि डीएचएपासून रिझॉल्व्हिन वगैरे बनतात, तीही सूज मिटवायला मदत करतात. दोन्ही बाजूंना काम आहे.

मग शेंगदाणा तेल? तर्क असा दिला जातो की तेलातले लिनोलिक ॲसिड शरीरात ॲराकिडॉनिक होते, म्हणून जास्त तेल म्हणजे जास्त सूज. कागदावर पटते. पण माणसांना प्रत्यक्ष जास्त लिनोलिक खायला देऊन पाहिले तेव्हा रक्तातले ॲराकिडॉनिक फारसे हलले नाही आणि सीआरपीही वाढला नाही. शरीर हे रूपांतर घट्ट मुठीत ठेवते. त्यात शेंगदाणा तेलात निम्म्याच्या आसपास ओलेइक ॲसिड असते आणि लिनोलिक साधारण एक तृतीयांश. करडई आणि सूर्यफूल यांत लिनोलिक याहून बरेच जास्त. म्हणजे लिनोलिकचीच भीती असेल तर बंद करायला सांगितलेले तेल त्यातल्या त्यात सौम्य निघाले. तेल एकूण किती वापरता, हा प्रश्न मात्र विचारा. वजन आणि ट्रायग्लिसराइड दोन्हींसाठी तो महत्त्वाचा आहे.

इथे आपल्या भागातल्या लोकांविषयीचे एक संशोधन सांगावेसे वाटते. 2016 मध्ये पुण्यातल्या बहुतांशी शाकाहारी लोकांच्या आणि अमेरिकेतल्या लोकांच्या जनुकांची तुलना झाली. वनस्पतींतून मिळणाऱ्या फॅटी ॲसिडपासून लांब साखळीची फॅटी ॲसिड बनवणाऱ्या विकरांचा जोर वाढवणारा एक जनुकीय फरक आहे. तो दोन्ही प्रतींत असणारे पुण्याच्या गटात 68 टक्के, अमेरिकन गटात 18 टक्के. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी राहिलेल्या समाजात शरीर कसे जुळवून घेते, याचे हे उदाहरण. त्यामुळे परदेशी मासे खाणाऱ्यांवरून ठरवलेली रेघ आपल्या माणसाला जशीच्या तशी लावताना मी हात आखडता घेतो.

इथवरचे एका ओळीत: आईंचा ओमेगा-3 इंडेक्स बहुधा खरोखरच कमी आहे आणि तो आहारामुळे, बाकीचे आकडे उपवास आणि सूज यांनी ढवळलेले आहेत, आणि यातला एकही आकडा आमवाताचे कारण असल्याचे सिद्ध होत नाही.

‘पण अभ्यासांत आजाऱ्यांच्या रक्तात ओमेगा-3 कमी आढळते ना?’ असे तुमचे सल्लागार म्हणतील. आढळते. आमवात, ल्युपस, क्रोन (आतड्याच्या सुजेचा आजार), जोराचा न्यूमोनिया, सगळ्यांत कुठे ना कुठे आढळले आहे. पण आजारी माणूस कमी खातो, क्रोनमध्ये आतडे चरबी नीट शोषत नाही, सुजेच्या कामात ही फॅटी ॲसिड खर्च होतात, यकृत वेगळे कण बनवते. एवढ्या वाटांनी आजारच आकडा पाडू शकतो. ब्रिटनच्या यूके बायोबँकमध्ये, म्हणजे लोकांचे रक्त साठवून पुढे त्यांचे आजार नोंदत जाणाऱ्या प्रकल्पात, मात्र 2006 ते 2010 दरम्यान घेतलेल्या रक्तावरून एक रंजक गोष्ट दिसली: ज्यांच्या रक्तात बहुअसंतृप्त फॅटी ॲसिडचा वाटा कमी होता, त्यांना पुढे जोराचा न्यूमोनिया आणि कोविड होण्याचे प्रमाण जास्त होते. आजाराच्या आधीचे रक्त असल्याने याचे वजन जास्त. तरीही त्या वाट्यात लठ्ठपणा, साखर, यकृत, राहणीमान हे सगळे मिसळलेले असते. आकडा धोक्याची खूण असू शकतो. तो बदलला की धोका टळतो, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

ते सिद्ध करायचे प्रयत्न झाले आहेत आणि निकाल आजारागणिक वेगळे आहेत. क्रोनमध्ये आजार पुन्हा उलटू नये म्हणून ओमेगा-3 देऊन केलेल्या दोन मोठ्या चाचण्या 2008 मध्ये प्रसिद्ध झाल्या. उपयोग दिसला नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारात नॉर्वेतल्या चाचणीत दिसला नाही. फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरची चाचणी तर उपयोग नाही म्हणून आधीच थांबवावी लागली. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत 25,871 निरोगी माणसांना सुमारे पाच वर्षे रोज 1 ग्रॅम ओमेगा-3 किंवा 2000 युनिट ड जीवनसत्त्व किंवा त्यांच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. स्वप्रतिकार आजार ड जीवनसत्त्वाने 22 टक्क्यांनी कमी झाले. ओमेगा-3 ने 15 टक्के घट दिसली, पण ती योगायोगाने आली असण्याची शक्यता पुसता आली नाही.

आमवात हा यातला सुदैवी अपवाद आहे. रोज 2.7 ग्रॅम किंवा जास्त ईपीए-डीएचए किमान तीन महिने घेतले, तर सकाळचे आखडणे आणि दुखणे थोडे कमी होते आणि दुखण्याच्या गोळ्या कमी लागतात. ऑस्ट्रेलियात नव्याने आमवात झालेल्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला रोज 5.5 ग्रॅम दिले, तेव्हा फक्त 0.4 ग्रॅम घेणाऱ्यांपेक्षा त्यांना औषधे जास्त चांगली लागू पडली. ‘औषधांच्या जोडीला’ हे शब्द ठळक वाचा. मेथोट्रेक्सेट सोडून नुसत्या कॅप्सूलवर सांध्यांची झीज थांबते, असे कोणी दाखवलेले नाही. दुखणे थोडे कमी होऊन आत हाड झिजत राहणे, हे मला सगळ्यांत भीतिदायक वाटते, कारण वाकडी झालेली बोटे नंतर कोणत्याही गोळीने सरळ होत नाहीत.

तुम्हाला दिलेल्या कॅप्सूलची बाटली हातात घेऊन मागचा तक्ता वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘1000 मिलिग्रॅम’ असते, ते माशाच्या तेलाचे वजन. साध्या कॅप्सूलमध्ये त्यातले ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे मिळून 300 मिलिग्रॅम. 2.7 ग्रॅम गाठायला रोज नऊ कॅप्सूल लागतील. दिवसाला एक सांगितली असेल, तर ज्या मात्रेवर आमवातात गुण दिसला त्याच्या ती जवळपासही नाही. आणि आई माळकरी आहेत. हे तेल माशाचे आहे, हे त्यांना कोणी सांगितले आहे का? शेवाळापासून काढलेले डीएचए आणि ईपीए मिळते, पण कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या. त्यांना न सांगता देऊ नका, ही माझी विनंती. कॉड लिव्हर ऑइल या मात्रेसाठी वापरू नये, त्यात अ जीवनसत्त्व फार होते.

कोणाला विचारल्याशिवाय घेऊ नये, हेही सांगतो. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा पूर्वी होते, तर जास्त मात्रेचे ओमेगा-3 अडचणीचे ठरू शकते. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अशीच अनियमितता, वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. डेंग्यूनंतर प्लेटलेट्स पूर्ववत झाल्या का, तेही आधी पाहावे.

आहारात मी काय करायला सांगेन? जवसाची चटणी. आपल्या घरांत ती आहेच. जवस भाजून कुटायचे. अख्खे बी तसेच बाहेर पडते. रोज दहा ग्रॅम, म्हणजे एक भरलेला मोठा चमचा, यात सुमारे 2 ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक ॲसिड, म्हणजे वनस्पतींतले ओमेगा-3, मिळते, जे दिवसाच्या गरजेला पुरते. शरीर त्यातले थोडेसेच ईपीए करते आणि डीएचए तर जवळपास नाहीच, त्यामुळे चटणीने इंडेक्स 8 वर जाईल अशी आशा ठेवू नका. तरी स्वस्त आहे, चवदार आहे, माळेला चालते. जवसाचे तेल तापवू नये. शेंगदाणा तेल चालू ठेवा, अधूनमधून मोहरी किंवा सोयाबीनचे वापरा, त्यांत थोडे ओमेगा-3 असते. ट्रायग्लिसराइडसाठी मात्र तेलापेक्षा साखर, मैदा आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी यांकडे बघा. एकादशी मोडा असे मी म्हणणार नाही. भगर, राजगिरा, ताक, फळे यांवर ती नीट होते. घरात मासे खाणारे असतील त्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी. मुंबईहून नाशकात येतात. धरणातले रोहू-कटला चांगले, पण त्यांत हे कमी.

आईंचे वजन घटले असेल तर ते आधी भरून काढा. संसर्ग आणि आहार यांचे नाते एखाद्या फॅटी ॲसिडपुरते नसते, पोटभर जेवणाशी असते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली, तेव्हा त्या घरांत नवा क्षयरोग 39 टक्क्यांनी कमी झाला. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढे कधी आईंना बायोलॉजिक औषध (मेथोट्रेक्सेट पुरेनासे झाल्यावर द्यायचे) लागले तर क्षयाची तपासणी आधी होते, तेव्हा हे आठवा.

तपासणी पुन्हा करावी का? फॅटी ॲसिड प्रोफाइल, माझ्या मते नाही. तुम्ही शेवाळाचे ओमेगा-3 पुरेशा मात्रेत सुरू केले आणि ते अंगी लागते का हे पाहायचे असेल, तरच चार महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, तांबड्या पेशींवरून. साधा लिपिड प्रोफाइल मात्र जरूर करा: सूज उतरल्यावर, सीआरपी खाली आल्यावर, उपवासाच्या दुसऱ्या दिवशी नव्हे, आदल्या रात्री नेहमीसारखे जेवून मग दहा-बारा तास रिकाम्या पोटी. तेव्हाही ट्रायग्लिसराइड 200 च्या वर राहिले तर थायरॉइड आणि एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासा.

संधिवाततज्ज्ञांकडे जाताना डेंग्यूचे डिस्चार्ज कार्ड, हा रिपोर्ट आणि कॅप्सूलची बाटली तिन्ही बरोबर न्या. मेथोट्रेक्सेटचा शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला, ते आईंना विचारून कार्डाच्या मागे लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.